छायाचित्राच्या पाठीवरची नावे

काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामाचा महोत्सव साजरा झाला. त्या निमित्ताने स्मरणिका काढायचे ठरले आणि रिवाजाप्रमाणे संपादनाचे काम आमच्या गळ्यात पडले. लेख जमवणे फारसे कठीण गेले नाही. जाहिरातीही मिळाल्या. कठीण गेले ते जुने फोटो मिळवणे. घरोघरी हिंडून आम्ही दोन पिशव्या भरतील एवढे फोटो गोळा केले आणि एका रविवारी मिस्सानंतर चर्चच्या सभागृहात ते टेबलांवर मांडले. प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकाराच्या रांगा होत्या, सणाच्या मिरवणुका होत्या, मांडवाखाली उभी असलेली वरात होती, शवपेटीभोवती उभे असलेले कुटुंब होते. आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक फोटोंत उभी असलेली माणसे कोण, हे सभागृहातल्या कोणालाही सांगता येईना.

वेश ओळखू येत होता, चर्चची पायरी ओळखू येत होती, पण माणूस ओळखू येत नव्हता. आपल्याच पायरीवर उभी असलेली आपलीच माणसे आपल्याला परकी झाली होती. त्या दुपारपासून एक प्रश्न आमच्या मनात घर करून बसला. गावच्या सणासमारंभांचे फोटो काढणारी, कोणाच्याही पगारावर नसलेली जी माणसे होऊन गेली, त्यांनी आपल्यासाठी नेमके काय केले आणि आपण त्याचे काय केले? या लेखात त्या माणसांच्या कामाचा थोडा इतिहास सांगण्याचा प्रयत्न आहे. शेवटी आमच्या हातून घडलेल्या एका चुकीची कबुलीही आहे.

नाव नसलेले चेहरे

आपल्या देशात कॅमेरा फार लवकर आला. युरोपात १८३९ साली या शोधाची घोषणा झाली आणि पंधरा वर्षांनी, १८५४ साली, मुंबईत 'बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी' स्थापन झाली. तिचे बहुतेक सभासद इंग्रज अधिकारी आणि व्यापारी होते, तरी डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासारखी मराठी माणसेही या नव्या विद्येकडे वळली होती. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये त्याच सुमारास छायाचित्रणाचा वर्ग चालू झाला. हरिश्चंद्र चिंतामण हे तेथे शिकून पुढे मुंबईतले नावाजलेले व्यावसायिक छायाचित्रकार झाले.

या आरंभीच्या काळात माणसांचे समूह कॅमेऱ्यापुढे कसे उभे केले गेले, हे पाहण्यासारखे आहे. विल्यम जॉन्सन या मुंबईतल्या छायाचित्रकाराने १८६३ आणि १८६६ साली दोन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. मुंबईत राहणाऱ्या व येणाऱ्या निरनिराळ्या जातीजमातींची चित्रे त्यात आहेत. माणसांचे फोटो एकीकडे काढायचे, त्यांच्या आकृत्या वेगळ्या करायच्या आणि दुसरीकडच्या देखाव्यावर जोडायच्या, अशी त्याची पद्धत होती. त्यानंतर १८६८ ते १८७५ या काळात सरकारी आश्रयाने 'द पीपल ऑफ इंडिया' हा आठ खंडांचा संग्रह निघाला. त्यात चारशेहून अधिक फोटो आहेत. या ग्रंथांत फोटोखाली बहुधा जातीचे, जमातीचे, धंद्याचे नाव आढळते. त्या बाईचे, त्या बाप्याचे स्वतःचे नाव क्वचितच असते. राज्यकर्त्यांना नमुना हवा होता, आणि नमुन्याला नाव कशाला लागते?

ही गोष्ट आम्ही मुद्दाम सांगत आहोत. कॅमेऱ्याने जे टिपले ते सारे इतिहासात जमा झाले, असा आपला समज असतो. तो खरा नाही. चेहरा टिकूनही माणूस हरवू शकतो. नाव लिहिलेले नसेल, तर आपला आजोबाही पन्नास वर्षांनी 'एक ग्रामस्थ' होतो.

एका छायाचित्राचा एक रुपया

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दोन गोष्टी बदलल्या. फोटोवरून बारीक ठिपक्यांचा जस्ताचा ठोकळा करून तो वर्तमानपत्राच्या कागदावर छापण्याची कला आपल्याकडे रुळली. आणि कॅमेरा हातात मावेल इतका लहान झाला. जर्मनीत लायका १९२५ साली बाजारात आला आणि रोलायफ्लेक्स १९२९ साली. तिकाटणे आणि काचेच्या जड पट्ट्या घेऊन हिंडण्याची गरज संपली. मुंबईत टाइम्सचे साप्ताहिक १८८० पासून निघत होते. १९२३ साली त्याचे नाव 'इलस्ट्रेटेड वीकली ऑफ इंडिया' असे झाले. १९९३ साली बंद पडेपर्यंत आपल्याकडच्या कितीतरी घरांत ते वाचले जात असे. या साप्ताहिकांना आणि दैनिकांना चित्रे हवी होती, आणि सारी चित्रे पुरवतील इतके पगारी छायाचित्रकार कोणाजवळच नव्हते. त्या पोकळीतून मुक्त वृत्तछायाचित्रकार जन्माला आला. काम छापून आले तर पैसे, न आले तर फिल्मचा खर्च अंगावर, असा त्याचा धंदा.

या धंद्याच्या इतिहासात होमाई व्यारावाला यांचे नाव आदराने घेतले जाते. भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून त्या ओळखल्या जातात. त्यांचा जन्म ९ डिसेंबर १९१३ रोजी नवसारीला एका पारशी कुटुंबात झाला. वडील नाटक मंडळीत नट होते. मुंबईत त्यांचे शिक्षण झाले. जे. जे. कलाशाळेत त्यांनी चित्रकला शिकली आणि माणेकशॉ व्यारावाला यांच्याकडून कॅमेरा हाताळायला घेतला. पुढे याच माणेकशॉंशी त्यांचा विवाह झाला.

पंडित नेहरू, लॉर्ड माउंटबॅटन, १९४७ चा लाल किल्ला, १९५६ साली भारतात आलेले तरुण दलाई लामा, १९६१ साली आलेली इंग्लंडची राणी, हे होमाईबाईंचे फोटो जगाने पाहिले. पण त्यांची सुरुवात यांतल्या कशापासूनही झालेली नाही. मुंबईतल्या स्त्रियांच्या एका क्लबाची सहल निघाली होती. तिचे फोटो त्यांनी काढले आणि ते 'बॉम्बे क्रॉनिकल' या दैनिकात छापून आले. मोबदला होता एका छायाचित्राला एक रुपया. आपल्या धर्मग्रामाच्या महिला मंडळाची सहल असते, तसलाच तो प्रसंग. राजकारणाशी त्याचा काही संबंध नव्हता. बायका घराबाहेर पडल्या, एकत्र जेवल्या, हसल्या, एवढीच ती बातमी. पण त्या काळातल्या मुंबईच्या स्त्रिया मोकळ्या वेळात कशा दिसत, कशा बसत, कशा हसत, हे आज कोणाला जाणून घ्यायचे असेल, तर त्याला राजदरबाराच्या चित्रांचा उपयोग नाही. असल्या सहलीच्या फोटोंकडेच वळावे लागेल.

आरंभीच्या काळात त्यांचे फोटो पतीच्या नावाने छापले जात. त्या नवख्या होत्या आणि त्यातून स्त्री होत्या. पुढे 'डालडा १३' या टोपणनावाने त्यांनी काम केले. त्यांच्या मोटारीच्या क्रमांकातली अक्षरे आणि तेराचा आकडा यांवरून ते नाव आले. हातात कॅमेरा घेतलेल्या बाईकडे लोक गांभीर्याने पाहत नसत, उगाच काहीतरी टिपत असेल असे समजत, आणि त्यामुळेच आपले काम निर्वेधपणे होई, असे त्या उतारवयात सांगत. १९४२ साली ब्रिटिश माहिती खात्याच्या नोकरीसाठी हे दांपत्य दिल्लीला गेले. नोकरी सांभाळून बाहेरची कामे करण्याची मुभा त्यांना होती. साडी नेसलेल्या, पाठीवर जड कॅमेरे घेतलेल्या होमाईबाई दिल्लीच्या रस्त्यांवरून सायकलने कामाला जात. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले आणि १५ जानेवारी २०१२ रोजी वडोदऱ्यात त्यांचे निधन झाले.

त्यांच्या आयुष्यातली एक खंत सर्वश्रुत आहे. ३० जानेवारी १९४८ रोजी त्या गांधीजींच्या प्रार्थनासभेला निघाल्या होत्या. उद्या दोघे मिळून जाऊ, असे पतीने सुचवल्यामुळे त्या परतल्या. तो 'उद्या' उगवलाच नाही. न काढलेल्या फोटोचे ते दुःख त्यांनी जन्मभर बाळगले. काढलेला फोटो हरवण्याचे दुःख निराळे असते. त्याच्याकडे आम्ही पुढे येणारच आहोत.

आमच्याकडचे फोटोवाले काका

मोठ्या शहरात होमाईबाईंसारखी माणसे जे काम करीत होती, तेच काम लहान प्रमाणावर वसईच्या पट्ट्यात आमच्या ओळखीचे एक गृहस्थ करीत. सारा गाव त्यांना फोटोवाले काका म्हणे. पोटासाठी ते लग्नाचे आणि बारशाचे फोटो काढीत. पण त्यांचा जीव होता तो वर्तमानपत्रात. कोणत्याही पत्राने त्यांना नेमले नव्हते. ओळखपत्र नव्हते, प्रवासभत्ता नव्हता. गावात काही घडले की खांद्याला पिशवी लावून ते हजर असत आणि दुपारच्या गाडीने चर्चगेट गाठून पाकीट वर्तमानपत्राच्या कचेरीत नेऊन देत.

त्यांचे काम आम्ही लहानपणी जवळून पाहिले आहे. त्यांच्या चौकोनी कॅमेऱ्याच्या एका रोलमध्ये बारा फोटो निघत. फिल्म महाग असे. त्यामुळे मिरवणूक समोरून गेली तरी ते पटकन कळ दाबीत नसत. आधी पुढे जाऊन वळणावर उभे राहत, ऊन कुठून येते ते पाहत, चेहरे ओळीत येऊ देत आणि मग एकदाच कळ दाबीत. संध्याकाळी माळ्याखालच्या खोलीत दाराच्या फटी गोधडीने बुजवून ते फिल्म धूत. मग तांबड्या दिव्याखाली थाळीतल्या पाण्यात पांढऱ्या कागदावर हळूहळू चेहरा उमटे. हायपोचा तो उग्र आंबूस वास आम्हांला अजून आठवतो. फोटो दोरीवर वाळला की ते तो पालथा घालीत आणि मऊ पेन्सिलीने पाठीवर लिहीत: तारीख, ठिकाण, प्रसंग आणि डावीकडून उजवीकडे एकेकाचे नाव. नाव ठाऊक नसेल तर सायकल काढून विचारायला जात. "फोटो कॅमेरा काढतो. मी फक्त नावं लिहितो," असे ते हसत म्हणत.

छापून आलेल्या फोटोंचे मानधन तुटपुंजे असे आणि तेही महिनोन्‌महिने येत नसे. एका दैनिकाने त्यांचा फोटो दुसऱ्याच्या नावाने छापला होता. विचारायला गेले तेव्हा कचेरीतल्या माणसाने 'पुढच्या वेळी बघू' म्हणून वाटेला लावले. काकांनी पुढच्या आठवड्यात नवे पाकीट नेऊन दिले. स्वाभिमान नव्हता असे नाही. गावची बातमी छापून येणे त्यांना स्वतःच्या नावापेक्षा मोठे वाटत असे.

शहराच्या पत्रांना काय हवे असे आणि काकांना काय महत्त्वाचे वाटे, यांत नेहमीच अंतर राही. १९६४ सालचे उदाहरण घ्या. २८ नोव्हेंबर ते ६ डिसेंबर या काळात मुंबईत अडतिसावी आंतरराष्ट्रीय युकॅरिस्टिक काँग्रेस भरली. २ डिसेंबरला पोप पॉल सहावे मुंबईत उतरले. भारताच्या भूमीवर पाय ठेवणारे ते पहिले पोप. ओव्हल मैदानावर लोटलेला जनसागर आणि त्यातून जाणारे पोपमहाशय यांचे फोटो जगभरच्या पत्रांत आले. ते आजही मिळतात. पण वसईहून त्या दर्शनासाठी जी माणसे गेली, पहाटे फलाटावर उभी राहिली, भाकरीची गाठोडी सांभाळीत डब्यात शिरली, त्यांचा फोटो काढायला जगातला कोणता छायाचित्रकार येणार होता? काका मात्र त्या पहाटे फलाटावर होते.

पुढेही असेच झाले. १९८६ च्या फेब्रुवारीत पोप जॉन पॉल दुसरे मुंबईत आले, तेव्हा शहराच्या पत्रांचे कॅमेरे व्यासपीठाकडे वळलेले होते. काका गर्दीकडे तोंड करून उभे होते. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस, वसईची शेती, विहिरी आणि वाड्या वाचवण्यासाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समितीचे आंदोलन उभे राहिले. मोर्चांच्या बातम्या सर्वत्र आल्या. त्या मोर्चांत लाल लुगडे नेसलेल्या ज्या आयाबाया आयुष्यात पहिल्यांदा रस्त्यावर उतरल्या, त्यांच्यापैकी एकेकीला काकांनी नावाने टिपले होते. पत्रांनी त्यातले दोनतीन फोटो घेतले. उरलेले त्यांच्या पेटीत राहिले.

वेदीपुढची मर्यादा

या व्यवसायाची एक मर्यादा होती आणि ती पाळणारी माणसे होती, हेही येथे नोंदवले पाहिजे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर २५ मे १९६७ रोजी रोमहून 'युकॅरिस्टिकुम मिस्टेरियुम' ही सूचनापत्रिका निघाली. तिच्या तेविसाव्या परिच्छेदात फोटो काढण्याविषयी स्पष्ट मार्गदर्शन आहे. उपासनेत, विशेषतः मिस्साच्या वेळी, फोटो काढण्याने व्यत्यय येऊ नये. रास्त कारण असेल तेव्हा ते काम अत्यंत संयमाने आणि स्थानिक धर्माध्यक्षांनी घालून दिलेल्या नियमांनुसार व्हावे, असा तिचा आशय आहे. रोमला एवढ्या बारकाईने हा विषय हाताळावा लागला, यावरून त्या काळीच कॅमेऱ्याने वेदीजवळ किती धिटाई सुरू केली होती, ते कळते.

काकांनी ती पत्रिका वाचली होती की नाही, आम्हांला ठाऊक नाही. पण अर्पणाच्या वेळी ते कॅमेरा बाकावर ठेवून गुडघे टेकीत, हे आम्ही पाहिले आहे. एका तरुण धर्मगुरूच्या दीक्षाविधीत ते शांतपणे खांबाआड उभे होते आणि केवळ तीन फोटो काढून थांबले. लोकांनी विचारले तर म्हणाले, "बाकीचं देवानं बघितलंय."

होमाईबाईंनी १९७० च्या सुमारास कॅमेरा खाली ठेवला. त्यामागे एक कारण पतीच्या निधनाचे होते आणि दुसरे नव्या छायाचित्रकारांच्या बेशिस्तीचे. पूर्वी आम्ही समारंभाला शोभेसा पोशाख करून, अंतर राखून काम करीत असू, आता ती अदब उरली नाही, असे त्यांचे म्हणणे होते. दिल्लीची पारशी बाई आणि वसईचा ख्रिस्ती छायाचित्रकार यांची कधी गाठ पडली नाही. पण दोघांच्याही मते फोटो काढणारा हा समारंभाचा पाहुणा होता, मालक नव्हता. आज लग्नाच्या मिस्सात वेदीच्या पायरीवर चढून वधूवरांना पुन्हा एकदा अंगठी घालायला लावणारा कॅमेरा पाहिला, की आम्हांला त्या खांबाची आठवण होते.

पेट्यांचे पुढे काय होते

आता त्या दुःखाकडे वळू.

मुक्त छायाचित्रकाराच्या मागे संस्था नसते. नोकरदार छायाचित्रकाराच्या निगेटिव्ह त्याच्या कचेरीत राहतात. मुक्त छायाचित्रकाराच्या निगेटिव्ह त्याच्या पलंगाखाली राहतात. तो गेला की पलंगाखालच्या पेट्यांचे काय करायचे, हा प्रश्न घरच्यांपुढे उभा राहतो.

दिल्लीत कुलवंत रॉय नावाचे एक वृत्तछायाचित्रकार होते. १९१४ साली पंजाबात जन्मले, लाहोरला काम शिकले आणि दिल्लीच्या मोरी गेट भागात स्वतःची लहानशी छायाचित्रसंस्था चालवू लागले. स्वातंत्र्यलढ्याचे आणि नव्या भारताच्या उभारणीचे असंख्य प्रसंग त्यांनी टिपले. पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस ते जगप्रवासाला निघाले. वाटेत काढलेले फोटो ते टपालाने घरी पाठवीत राहिले. परत येऊन पाहतात तर पाकिटे पोहोचलीच नव्हती. ती सापडावीत म्हणून पुढे ते शहरातले कचऱ्याचे ढीग धुंडाळीत असत, असे सांगतात. १९८४ साली विपन्नावस्थेत त्यांचे निधन झाले. उरलेल्या पेट्या त्यांनी आदित्य आर्य या तरुण छायाचित्रकाराच्या स्वाधीन केल्या होत्या. आर्य यांच्याकडेही त्या कितीतरी वर्षे बंदच होत्या. विसाहून अधिक वर्षांनी त्या उघडल्या गेल्या, तेव्हा त्यांत एका राष्ट्राच्या जन्मकाळाचा मोठा चित्रसंग्रह निघाला. होमाईबाईंचा संग्रहही त्यांच्या हयातीतच, २०१० साली, अल्काझी फाउंडेशनकडे सुरक्षित पोहोचला.

आमच्या काकांच्या पेट्यांना आदित्य आर्य लाभले नाहीत. त्यांना आम्ही लाभलो.

सन १९९६ च्या उन्हाळ्यात काका आमच्याकडे आले होते. धर्मग्रामाच्या वाचनालयाचे काम तेव्हा आमच्याकडे होते. ते म्हणाले, "चार पेट्या आहेत. डोळे चालेनात आता. पोरांना यातलं काही कळत नाही. वाचनालयात एक कपाट द्या, मी बसून सगळ्याची यादी करून देतो." आम्ही आनंदाने हो म्हटले. कपाटासाठी समितीपुढे विषय ठेवतो, असेही सांगितले. मग पावसाळा आला. वाचनालयाचे छप्पर गळत होते, म्हणून पावसाळा संपू दे म्हटले. मग सण आला, मग नाताळ आला. पुढच्या वर्षी समिती बदलली. काकांनी दोनदा आठवण केली, तिसऱ्यांदा केली नाही.

दोन वर्षांनी, वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला त्याच १९९८ साली, ते गेले. त्यानंतर काही महिन्यांतच त्यांचे कौलारू घर पाडून इमारत उभी राहिली. पेट्यांविषयी चौकशी करायला आम्ही गेलो, तेव्हा त्यांच्या मुलाने सरळपणे सांगितले, की त्या भंगारवाल्याला दिल्या. जुन्या कृष्णधवल फिल्ममधली प्रतिमा चांदीच्या अतिसूक्ष्म कणांची बनलेली असते आणि ती चांदी काढून घेण्यासाठी फिल्म वजनावर विकत घेणारे लोक त्या काळी होते. आपल्या देशातल्या कितीतरी जुन्या चित्रपटांच्या फिल्मही अशाच गेल्या. मुलाचा दोष आम्ही मानीत नाही. ज्यांनी कपाट द्यायचे होते त्यांनीच दिले नाही. आमच्या गावची चाळीस वर्षे चिमूटभर चांदीसाठी विरघळली. त्याला कारण आम्ही.

हा फोटो कोणाचा

या अनुभवानंतर आम्ही कायद्याची थोडी चौकशी केली. वाचकांना ती उपयोगी पडावी. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटो काढणारा हाच त्याचा कर्ता असतो. पण आपण पैसे देऊन कोणाकडून फोटो काढून घेतला आणि वेगळा करार केला नाही, तर त्याचा पहिला हक्क काढवून घेणाऱ्याचा. म्हणजे आपल्या लग्नाचे फोटो बहुधा आपले. छायाचित्रकाराने स्वतः होऊन काढलेल्या मिरवणुकीच्या फोटोचा हक्क मात्र त्याचा. २०१२ च्या दुरुस्तीनंतर हा हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. तेव्हा स्मरणिकेत जुना फोटो छापताना काढणाऱ्याचे नाव देणे आणि घरच्यांची परवानगी घेणे हा केवळ शिष्टाचार नाही, ते देणे आहे.

कायद्याने मालकी ठरते, आठवण राखली जात नाही. ती आपणच राखावी लागते आणि त्याला फार खर्चही लागत नाही. फोटोच्या पाठीवर बॉलपेनने लिहू नये. शाई पुढे उमटते आणि दाबाचा वळ पडतो. मऊ पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने लिहावे. चिकट पानांचे अल्बम फोटोंचे शत्रू आहेत. साधा कागदी लिफाफा बरा. निगेटिव्ह निराळ्या ठेवाव्यात. पेटी माळ्यावर पत्र्याखाली किंवा ओलीच्या भिंतीला लागून ठेवू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे घरात वडीलधारे माणूस असेपर्यंत एका दुपारी त्याच्याजवळ बसून नावे विचारून घ्यावीत. कॅमेरा आता प्रत्येकाच्या खिशातल्या फोनमध्ये आला आहे आणि एका लग्नात हजारो फोटो निघतात. पण त्यांना पाठ नाही, आणि पाठ नसल्यामुळे नाव लिहायला जागा नाही, असे समजून आपण स्वस्थ बसलो आहोत. फोन बिघडला की तेही भंगारात जातात. त्यात चांदीसुद्धा नसते.

फलाटावरची सतरा माणसे

स्मरणिकेचे काम संपत आले असताना गावातल्या एका मावशींनी निरोप पाठवला. वय नव्वदीच्या घरात, पण बुद्धी शाबूत. त्यांनी पेटीतून पदरात गुंडाळलेला एक फोटो काढून आमच्या हातात दिला. पहाटेचा अंधूक उजेड, रेल्वेचा फलाट, लाल लुगड्यांचा काळसर रंग, हातात गाठोडी, एका मुलाच्या डोक्याला बांधलेला रुमाल. आम्ही तो पालथा केला. मऊ पेन्सिलीचे, ओळखीचे अक्षर होते. 'वसई रोड स्टेशन, डिसेंबर १९६४, पोपमहाशयांच्या दर्शनास निघालेले ग्रामस्थ, डावीकडून', आणि त्यापुढे सतरा नावे.

मावशींना आता नीट दिसत नाही. फोटो हातात न घेता त्यांनी बोटे मोजीत सगळी नावे म्हणून दाखवली. आम्ही पाठीवरच्या ओळींवरून नजर फिरवीत होतो. एकही नाव चुकले नाही. अकराव्या नावाशी त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "ही मी. गाठोड्यात भाकरी होती आणि धाकट्याचं झबलं. त्या फोटोवाल्यानं विचारलं, बाय, तुझं नाव काय? तोवर माझं नाव मला कोणी विचारलं नव्हतं. सगळे नवऱ्याच्या नावानंच हाक मारायचे."

तो फोटो आम्ही स्मरणिकेच्या पहिल्या पानावर छापला, सतराही नावांसह. त्याखाली काकांचे नाव द्यावे म्हणून परवानगी मागायला आम्ही त्यांच्या मुलाकडे गेलो होतो. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "बाबांनी स्वतःचं नाव कधी फोटोवर घातलं नाही. तुम्हीही घालू नका. फक्त त्या सतरांतलं एकही गाळू नका." म्हणूनच या लेखातही ते नाव नाही. काढणाऱ्याचे नाव द्यावे, असे वर सांगून आम्हीच ते दिले नाही, याची आम्हांला जाणीव आहे. त्याच्याऐवजी आमच्या वाचनालयात आता एक कपाट आहे. त्यात सध्या चाळीस घरांचे लिफाफे आहेत आणि पुष्कळ जागा रिकामी आहे. वाचकांच्या घरी एखादी पेटी असेल, तर त्यांनी आपल्या धर्मग्रामात असे एक कपाट मागून पाहावे. मिळाले नाही तर पुन्हा मागावे. आणि कपाट देण्याचे काम ज्यांच्याकडे असेल, त्यांनी पावसाळा संपण्याची वाट पाहू नये.